सेकंडहँड सीडी की डाउनलोड? कोल्हापुरात पहिला गेम घेण्याआधी

भाच्यानं दिवाळीत पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५, गेम खेळायचं मशीन) घेतला आणि तिसऱ्या दिवशी फोन आला. "मामा, जुनी सीडी घेऊ का ऑनलाइन सेलमधनं डाउनलोड मारू? सेलमध्ये स्वस्त दिसतंय की." आता ती सीडी नसते, ब्लू-रे डिस्क असते, पण आपल्याकडं दुकानदारापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे सीडीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. मी त्याला एकच सांगितलं: किंमत नंतर बघ, आधी गेम संपल्यावर हातात काय उरतंय ते बघ. मग तो घरी आला, आणि जे दोन तास बोलणं झालं ते नवख्यांसाठी इथं क्रमानं मांडतोय. मी पीएस३ पासून जुन्या सीडी घेतो आणि विकतो. धंदा म्हणून नाही, नाद म्हणून.

पायरी १: मशीनला सीडीची फट आहे का?

खरा निर्णय गेम घेताना होतच नाही, मशीन घेताना होऊन गेलेला असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस५ भारतात आला तेव्हा सीडीवाला ४९,९९० रुपयांना होता आणि बिनसीडीचा, म्हणजे डिजिटल एडिशन, ३९,९९० ला. दहा हजार वाचले म्हणून कित्येकांनी डिजिटल उचलला. पण त्या मशीनला दुकान एकच, सोनीचं. तिथला भाव तो भाव. मित्राकडची सीडी मागून आणणं नाही, घासाघीस नाही, खेळून झाल्यावर विकणं नाही.

माझा अनुभव असा की एक मोठा गेम जुना घेऊन परत विकला तर नव्या डिजिटलच्या तुलनेत हजार ते दीड हजार रुपये सहज वाचतात. म्हणजे सात ते दहा गेममध्ये ते दहा हजार वसूल. वर्षाला दोनच गेम खेळणार असाल तर डिजिटल मशीन वाईट नाही. महिन्याला एक संपवणारे असाल तर फट असलेलं मशीनच घ्या.

नंतर आलेल्या स्लिम मॉडेलमध्ये एक सोय आहे. त्याच्या डिजिटल मशीनला सीडी ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो. पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, तेवढं लक्षात ठेवा. जुन्या जाड डिजिटल मशीनला मात्र तो बसत नाही. म्हणून मशीनच सेकंडहँड घेत असाल तर मॉडेल नंबर वाचा: सीएफआय-१ नं सुरू होणारा म्हणजे जुना, सीएफआय-२ नं सुरू होणारा म्हणजे स्लिम. "ड्राइव्ह नंतर लावता येतोय" असं कोणी जुन्या मशीनबद्दल सांगत असेल तर चहा पिऊन परत या.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्समध्ये नेहमीच्या सिरीज एक्सला फट आहे, पण तिच्या डिजिटल मॉडेलला आणि सिरीज एसला नाही. निंटेंडोचं स्विच भारतात अधिकृतपणे येतच नाही, कोणीतरी बाहेरून आणलेलं असतं. त्याच्या छोट्या कार्डांचा भाव चांगला टिकतो, पण स्विच २ मध्ये 'गेम-की कार्ड' नावाचा प्रकार निघालाय. त्या कार्डात गेम नसतो, फक्त किल्ली असते आणि गेम डाउनलोडच करावा लागतो. बॉक्सवर तसं लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

कॉम्प्युटरवाल्यांना एका ओळीत सांगतो: पीसी गेमचा जुना बॉक्स घेऊ नका. आतला कोड पहिल्या मालकानं स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, टाकला की तो गेम त्याच्या अकाउंटला कायमचा चिकटतो. तुमच्या हातात येतो तो पुठ्ठा.

पायरी २: वहीत दोन आकडे लिहा

एक, घेतला केवढ्याला. दोन, विकला केवढ्याला. दोन्हींतला फरक हीच त्या गेमची खरी किंमत. पाठ्यपुस्तकं अर्ध्या किमतीत घेऊन वर्षाच्या शेवटी पुढच्या पोराला देणाऱ्या आपल्या पिढीला हे शिकवायला नको, पण स्क्रीनवर 'साठ टक्के सूट' दिसली की भले भले विसरतात.

माझ्या वहीतली एक नोंद देतो. गोष्टीचा एक मोठा गेम, जुनी सीडी २,३०० ला घेतली. सहा आठवड्यांत संपला. १,९०० ला गेला. मला तो ४०० ला पडला. तोच गेम त्या वेळी डिजिटल सेलमध्ये १,७५० ला होता, आणि दिसायला तोच स्वस्त. पण ते १,७५० परत यायचे नव्हते.

आता दुसरी बाजू. चार-पाचशे रुपयांचे छोटे गेम सरळ डाउनलोड करा. त्यांच्या सीडी एक तर निघत नाहीत आणि निघाल्या तर महाग असतात. त्यासाठी गावभर फिरण्यात पेट्रोल जातं.

आणि तिसरा प्रकार म्हणजे फुटबॉल. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या मॅचला शाहू स्टेडियम ज्या गावात भरतं, तिथं सगळ्यात जास्त कुठला गेम फिरतो हे काय सांगायचं! पण हाच गेम सगळ्यात वेगानं पडतो. दर वर्षी सप्टेंबरच्या सुमाराला नवा निघतो आणि जुना एका रात्रीत शिळा होतो. मी एकदा ऑक्टोबरमध्ये ३,००० ला घेतलेला, पुढच्या ऑक्टोबरला ७०० लाही कोणी विचारेना. तुम्हाला दोस्तांबरोबर सोफ्यावर बसून मॅच लावायच्या असतील तर मुद्दाम एक वर्ष जुना घ्या, कवडीमोलानं मिळतो. ऑनलाइन टीम बांधायची असेल तर नवाच लागतो, आणि मग रोज सीडी घालायचा-काढायचा वैताग नको म्हणून डिजिटल घेतलेला बरा. वर्षभर रोज चालणारा गेम डिजिटल घ्यावा असं माझं मत आहे. वर्षानंतर विकून फार काही यायचं नसतंच.

पायरी ३: 'विकत घ्या' या बटणाचा अर्थ समजून घ्या

डाउनलोड केलेला गेम तुम्ही विकत घेत नाही. खेळायची परवानगी घेता, आणि ती तुमच्या अकाउंटला बांधलेली असते. दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की डिजिटल दुकानांनी हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. त्याच्या थोडं आधी स्टीमनं पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. फ्रान्समध्ये एक ग्राहक संघटना यावरून स्टीमच्या मालक कंपनीविरुद्ध, म्हणजे वाल्व्हविरुद्ध, कोर्टात गेली होती. २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टानं सांगितलं की डिजिटल गेमही पुढं विकता आला पाहिजे. २०२२ मध्ये अपील कोर्टानं तो निकाल फिरवला. सीडी हातोहात फिरली की झिजते, बाजार आपोआप मर्यादित राहतो. फाइल शंभर हात फिरली तरी नवीच राहते, असा कंपन्यांचा एकूण युक्तिवाद. पटो न पटो, आजची स्थिती ही आहे.

सीडीवरही एकदा गदा आली होती. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन येताना मायक्रोसॉफ्टनं जुन्या गेमच्या विक्रीवर बंधनं आणि दर २४ तासांनी इंटरनेट तपासणी जाहीर केली. लोक असे भडकले की त्याच जूनमध्ये निर्णय मागं घ्यावा लागला. सोनीनं तेवढ्यात एक छोटासा व्हिडिओ काढला: पीएस४ चा गेम मित्राला कसा द्यायचा? एकानं दुसऱ्याच्या हातात सीडी दिली, संपलं.

डिजिटल दुकानातून गेम काढूनही टाकतात. २०२३ मध्ये फुटबॉलचा गेम बनवणारी ईए कंपनी आणि फुटबॉलची जागतिक संघटना फिफा यांचा करार संपून 'ईए स्पोर्ट्स एफसी' हे नाव आलं, तेव्हा जुने फिफा डिजिटल दुकानांतून उतरवले गेले. ज्यांनी आधी घेतले होते त्यांचे राहिले, पण नव्या माणसाला मिळायचे तर सीडीच. फिफाची जुनी सीडी आजही घाला, सोफ्यावरची मॅच लागते.

पण सीडी म्हणजे देवाची शपथ असंही नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम २०१४ चा. तो पूर्ण वेळ सर्व्हरवर चालायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि सीडीवाले, डिजिटलवाले दोघंही एकाच रांगेत. जुनी सीडी घेताना 'ऑनलाइनशिवाय चालतो का' हा प्रश्न म्हणूनच पहिला विचारायचा.

पायरी ४: घरची लाइन मोजा

१०० जीबीचा गेम आता नवल राहिलेलं नाही. ५० एमबीपीएसच्या लाइनवर तो साडेचार तास घेतो, १०० च्या लाइनवर सव्वादोन तास. तेही लाइन पूर्ण वेगानं चालली आणि मध्ये लाइट गेली नाही तर. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर करायला बसलात तर पन्नास दिवस. वाय-फाय नसलेल्या घरात, खेड्यावरच्या घरात, सीडी हाच मार्ग.

तिथंही खाच आहे. सीडीवर अख्खा गेम असेलच असं नाही. २०२२ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' च्या पीएस५ सीडीवर जेमतेम ७० एमबी डेटा होता, बाकी सगळा डाउनलोड. अशी सीडी म्हणजे नुसती किल्ली. विकता येते हाच काय तो फायदा.

आणि नवख्यांचा नेहमीचा गैरसमज: सीडीवरून गेम मशीनमध्ये उतरवला की सीडी लागत नाही. लागते. प्रत्येक वेळी सुरू करताना आत असावी लागते. नाही तर एका सीडीवर आख्खी गल्ली खेळली असती.

पायरी ५: जुनी सीडी बघून घेणं

हे जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे इथंच बुडतात.

ट्यूबलाइटखाली सीडी तिरकी धरा. मधल्या भोकापासून कडेकडं गेलेला बारीक ओरखडा फारसा त्रास देत नाही. गोल, कडेला समांतर फिरलेला ओरखडा वाईट, कारण डेटा गोल फिरतच लिहिलेला असतो आणि तो ओरखडा सलग बराच डेटा झाकतो. मग मधल्या भोकाची कड बघा. बॉक्समधून ओढून काढणाऱ्यांच्या सीडीला तिथं केसाएवढी चीर पडलेली असते. चीर दिसली की फुकट दिली तरी नको.

टूथपेस्ट लावून घासलेली सीडी ओळखायला शिका. पृष्ठभाग धुरकट दिसतो. जुन्या सीडी-डीव्हीडीला हा उपाय कधीमधी चालायचा, कारण डीव्हीडीत डेटाचा थर ०.६ मिलिमीटर आत, जाडीच्या मधोमध असतो. ब्लू-रेत तो वाचायच्या बाजूनं फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, वर एक कडक लेप. घासला तर लेप जातो आणि सीडीही. हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही, एक बरी चाललेली सीडी मी स्वतः कोलगेटनं मारली आहे.

बॉक्स आणि सीडी एकमेकांची आहेत का बघा. पीएस४ च्या सीडीवर सीयूएसए आणि पीएस५ च्या सीडीवर पीपीएसए अशा अक्षरांनी सुरू होणारा नंबर सहसा छापलेला असतो, तोच बॉक्सच्या कण्यावर असतो. पीएस५ च्या बॉक्समध्ये पीएस४ ची सीडी घालून देणारे महाभाग आहेत. तसं पीएस४ च्या सीडीचं वाईट काही नाही, पीएस५ वर ती चालते आणि स्वस्त पडते. 'विचर ३' सारख्या काही गेमना पीएस४ च्या सीडीवर पीएस५ चं अपडेट फुकट मिळतं. फक्त भाव पीएस४ चा द्या.

परदेशातून आणलेली सीडी असेल तर गेम चालेल, पण पुढं डीएलसी, म्हणजे गेमचा वेगळा विकला जाणारा जादा भाग, घ्यायची झाली तर ती सीडी ज्या प्रदेशाची त्याच प्रदेशाची लागते. तुमचं अकाउंट भारताचं आणि सीडी वेगळ्या प्रदेशाची असेल तर जोड बसत नाही. बॉक्समधले बोनसचे कोड एकदाच चालतात, ते वापरलेलेच समजा आणि त्याचे पैसे देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. म्हैस घेताना माणूस धार काढून बघतो, तशी सीडी चालवून बघायची. पण कशी? दोन वर्षांपूर्वी कसबा बावड्यात एका पोराच्या घरी गेलो होतो.

"दादा, एक पण स्क्रॅच नाही बघा."

"चालवून दाखव की."

त्यानं घातली, गेम लागला, दहा मिनिटं खेळून बघितला, १,६०० दिले, त्याच्या आईनं केलेला चहा घेतला आणि निघालो. घरी येऊन सीडी घातली तर ६३ टक्क्यांवर अडकली. काढली, पुसली, घातली, परत ६३. झालं होतं असं की त्याच्या मशीनमध्ये गेम आधीच उतरवलेला होता. मशीन सीडीकडून फक्त 'हो, मी आत आहे' एवढंच विचारत होतं. पूर्ण सीडी वाचायची वेळ तिथं आलीच नव्हती. पोरगं खोटं बोललं नव्हतं, त्यालाही माहीत नव्हतं. पैसे त्यानं परत दिले, पण माझ्या दोन खेपा झाल्या.

तेव्हापासून माझा नियम: विकणाऱ्याला गेम मशीनमधून डिलीट करायला सांगायचा आणि माझ्यासमोर सीडीवरून नव्यानं उतरवायचा. त्याचं सेव्ह, म्हणजे गेममध्ये तो जिथवर पोचलाय ती नोंद, जात नाही, ते वेगळं असतं, हे त्याला समजावून सांगा. नाही तर तो घाबरतो. वेळ लागतो, पण शंभर टक्के झालं की सीडी बिनघोर. तेवढा वेळ नसेल, किंवा दुकानातून घेत असाल, तर 'घरी उतरली नाही तर दोन दिवसांत परत' हे बिलावर लिहून घ्या. तोंडी नको. लिहून देत नसेल तर पुढचं दुकान.

पुण्या-मुंबईहून कुरिअरनं मागवत असाल तर पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा. अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवू नका. 'मी मिलिटरीत आहे, बदली झाली म्हणून विकतोय, क्यूआर स्कॅन करा' हा डाव आता जुना झालाय, तरी लोक अडकतात. पैसे यायचे असतील तर यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. अडकलातच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन.

पायरी ६: 'आयडी' वरच्या स्वस्त गेमपासून लांब

समाजमाध्यमांवर चार हजारांचा गेम आठशेला डिजिटल मिळतोय असं दिसेल. 'प्रायमरी इतके, सेकंडरी इतके'. एकाच अकाउंटवर घेतलेला गेम तीन-चार जणांना वाटून विकायचा हा प्रकार आहे. सोनीच्या अटींत हे बसत नाही. अकाउंट मूळ मालकाच्या नावावर राहतं, त्यानं पासवर्ड बदलला की तुम्ही बाहेर. मीही एकदा ९०० रुपये घातले. तीन महिने मजेत चाललं, चौथ्या महिन्यात गेमवर कुलूप आलं आणि विकणाऱ्याचा नंबर बंद. भांडणार कुणाशी?

पायरी ७: डिजिटल घ्यायचंच तर

अकाउंट उघडताना देश भारत निवडा, म्हणजे भाव रुपयांत. हवा असलेला गेम विशलिस्टमध्ये टाकून सेलची वाट बघा. निघाल्या दिवशी पूर्ण किमतीचं डिजिटल हा सगळ्यात महाग मार्ग आहे, माझ्या मते तो फक्त अधीर लोकांसाठी.

परतीचे नियम दुकानागणिक वेगळे. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे मागता येतात. प्लेस्टेशनच्या दुकानात १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलं नसेल तरच. म्हणून घेतल्या घेतल्या 'डाउनलोड' दाबू नका. दहा मिनिटं विचार करा.

पीएस प्लसमध्ये, म्हणजे सोनीच्या वर्गणीच्या योजनेत, मिळणारे गेम भाड्याचे समजा. वर्गणी थांबली की ते बंद होतात. पण घेण्याआधी त्या यादीत एक नजर टाकाच. हजार रुपये देऊन सीडी आणायची आणि तोच गेम यादीत पडलेला असायचा, असं होतं.

पायरी ८: विकायची वेळ

गोष्टीचा गेम संपला की त्याच आठवड्यात विका. 'परत एकदा खेळीन' म्हणून ठेवलेल्या अकरा सीडी माझ्या कपाटात आहेत, एकही परत खेळलेलो नाही. एखादा गेम पीएस प्लसच्या यादीत येणार असं जाहीर झालं की त्याच्या जुन्या सीडीचा भाव खाली येतो, त्याआधी सुटका करून घ्या. फुटबॉल जुलैपर्यंत काढा, ऑगस्टमध्ये गिऱ्हाईक नव्याची वाट बघायला लागतं.

बॉक्स जपा. बॉक्स नसलेल्या सीडीला दोन-तीनशे कमी मिळतात. सीडी मऊ कपड्यानं मधून कडेकडं पुसा, गोल फिरवून नको. फोटो सीडीच्या खालच्या बाजूचाही टाका, ओरखडा असेल तर तो दिसेल असा. पहिल्या मेसेजला "फायनल किती?" येणारच, म्हणून मनातल्या आकड्यावर दोनशे चढवून सांगा आणि भेटल्यावर ते दोनशे सोडा. दोघंही खूश.

भाच्यानं हे सगळं ऐकून घेतलं, पहिली सीडी माझ्याकडूनच मागितली. १,२०० सांगितले.

"मामा, फायनल किती?"